बी साईडला उरलेली जागा

सोमवारी उद्यमनगर बंद असायचं.
लेथ गप्प, ग्राइंडर गप्प,
अप्पांच्या कारखान्याच्या पत्र्यावर फक्त कावळे.
बाकीचे सहा दिवस आमच्या घरात
गाण्याला जागाच नव्हती,
भिंतीपलीकडं कुणीतरी लोखंड सोलत बसलेलं.

म्हणून सोमवारी शाळा सुटली की मी पळत यायचे,
मागं धापा टाकत दीपांजली मगदूम,
भूगोलाच्या वहीत दडवलेली
साठ मिनिटांची कॅसेट.

कॅसेट भरून द्यायचे जैनूभाई शिकलगार.
शाहूपुरीत, सायकलच्या दुकानावरच्या माडीत.
जिना इतका अरुंद
की वर जाणाऱ्यानं आधी हाक मारायची.
आम्ही यादी न्यायचो, चौदा गाणी,
इंग्रजी नावंसुद्धा देवनागरीत,
स्पेलिंगची खात्री नसायची.
चष्मा कपाळावर सारून ते वाचायचे,
"ह्यातलं सातवं काय गं? गाणं हाय का औषध?"
आणि म्हणायचे, गुरुवारी या.

गुरुवार ते सोमवार
ती कॅसेट मी नुसती हातात धरून बसायचे.
नव्या प्लॅस्टिकचा वास,
आणि थोडा जैनूभाईंच्या विडीचा.

पॉप म्हणजे काय, आम्हाला ठाऊक नव्हतं.
एवढंच, की त्यात कुणाचं लग्न ठरत नाही,
गाण्यातली मुलगी बूट घालून नाचते
आणि तिला दिवेलागणीच्या आत
घरी जायचं नसतं.
इंग्रजी कडव्यांना शब्द आम्हीच बसवले.
एका ठिकाणी ती बाई स्वच्छ म्हणायची,
"शेंगा भाजल्या गं, शेंगा भाजल्या."
दीपांजली शपथेवर सांगायची.
आजही मला तिथं दुसरं काही ऐकू येत नाही.

होल्टेज उतरलं की त्या बाईचा बाप्या व्हायचा.
लाईट गेली की सेल,
सेल संपले की कौलावर उन्हात,
आईच्या सांडग्यांच्या शेजारी.
दोन गाण्यांपुरता जीव यायचा त्यांच्यात.

पण जैनूभाईंची एक खोड होती.
बी साईडला दोन-तीन मिनिटं उरायचीच,
आणि रिकामी फीत त्यांना बघवत नसे.
तिथं ते स्वतःच्या पसंतीचं एक भरायचे, फुकट,
आणि कव्हरवर लाल शाईत लिहायचे:
उरलेल्या जागेत.
सारंगी, कुणा बाईचा जड आवाज,
रात्र, दिवा, असलंच काहीतरी.
आम्ही तिथवर पोचलो की बटण दाबायचो.

एका सोमवारी नाही दाबलं.
दहावीनंतर दीपांजलीला शाळेतून काढायचं
म्हणजे पुढं शिकवायचंच नाही, असं ठरलं होतं.
ती गुडघ्यात तोंड घालून बसलेली,
बटणाकडं कुणाचा हात गेला नाही.
गाणं चालत राहिलं.
एवढं हळू गाणं आम्ही आयुष्यात ऐकलं नव्हतं.
आणि "मगर" म्हणाली ती बाई,
आणि टक्.
फीत संपली.

दीपांजलीनं डोकं वर काढलं.
"मगर?" नाक पुसत म्हणाली,
"कुठली गं? पंचगंगेतली?"
हसून हसून आमची पोटं दुखली.
मधेच ती पुन्हा रडली, पुन्हा हसली.
अप्पा दारात येऊन बघून गेले,
काही बोलले नाहीत.

परवा पोरगा म्हणाला,
आई, दोन शब्द सांग, सगळं सापडतंय.
सापडलं.
"मगर"च्या पुढं आणखी अडीच मिनिटं होती,
गेली सत्तावीस वर्षं तिथंच.
मी ओट्याशी उभी राहून ऐकली,
हाताला कणीक तशीच.

मग कागलला फोन लावला.
तिची पिठाची गिरणी चालू होती.
"दीपे, ते सापडलं गं! मगरच्या पुढचं!"
"काय?"
"मगर! मगर!"
"ऐकू येत न्हाई बघ," ती ओरडली,
"सोमवारी कर.
सोमवारी बंद असती गिरणी."